मळलेली वाट नसलेला डोंगर

चौथ्या दिवशी पहाटे स्फोटांच्या आवाजाने जाग आली. एक, थोड्या वेळाने दुसरा, मग लागोपाठ दोन. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने दहिवर गोठले होते, बाहेरचे काही दिसेना. नियंत्रण रेषा इथून फार लांब नाही हे माहीत असल्यामुळे पोटात गोळा आला. तेवढ्यात बुखारीत, म्हणजे खोलीतल्या शेगडीत, लाकडे सारायला आलेला पोरगा म्हणाला, "घबराइए मत दीदी, पेट्रोलवाले हैं. बर्फ गिरा रहे हैं."

काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजाल रांगेच्या कुशीत, २,६५० मीटर उंचीवर गुलमर्गचे कुरण आहे. तीन दिवस तिथे बर्फ अखंड पडत होता. आज आकाश उघडले होते आणि गोंडोला, म्हणजे केबल कार, सुरू होण्याआधी स्की पेट्रोलची माणसे वरच्या उतारांवर सुरुंग उडवत होती. जो बर्फ खाली यायला टेकला आहे, तो माणसांची वर्दळ सुरू होण्याआधीच रिकाम्या उतारावरून उतरवून घ्यायचा. ही व्यवस्था आखलेल्या हद्दीपुरती असते. हद्दीपलीकडे डोंगर जसा आहे तसाच असतो. आम्ही पाच जण आलो होतो ते हद्दीपलीकडचा बर्फ वाचायला शिकण्यासाठी.

आम्ही सगळे सह्याद्रीत वाढलेले. कुणी पुण्याचे, कुणी ठाण्याचे, एक डॉक्टर नाशिकचे. घसारा, कातळकडा, निसरडी धार यांची सवय असलेले. सह्याद्रीने एक गोष्ट आमच्या अंगात मुरवली आहे. चुकलात तर मळलेली वाट शोधा. गुराखी, गुरे आणि आपल्याआधीचे भटके जिथून गेले, जिथे गवत झिजून माती उघडी पडली, ती वाट घरी नेते. दहा ढोरवाटांमधून खरी वाट ओळखणे हीच आमची विद्या.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातले दोघे उत्तराखंडातल्या एका बर्फाच्या ट्रेकला गेले. शिखराखालच्या तिरक्या उतारावरून तीस-पस्तीस माणसे एकामागे एक, पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवत गेली. काही झाले नाही. फोटो फार सुंदर आले. त्यातला एक मी एका जुन्या गिर्यारोहक मित्राला दाखवला. तो माणसांकडे पाहीचना, त्यांच्या डोक्यावरचा उतार निरखत राहिला. "किती अंशांचा होता हा? आदल्या रात्री वारा कुठून होता? कुणाकडे बीकन होता का?" एकाही प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. वीस-वीस वर्षे डोंगरात घालवलेली माणसे, आणि या डोंगराची बाराखडीही आम्हाला येत नव्हती. ती शिकायला इथे यायचे त्या दिवशी ठरले.

परातीतली साखर

श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत गाडी जाते. पुढचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या बांधलेल्या जीपमधून चढायचे. जानेवारी संपत आला होता. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला काश्मिरात 'चिल्लई कलां' म्हणतात, तिचे शेवटचे दिवस होते. रस्त्यावर माणसे फेरनच्या पायघोळ अंगरख्याआत निखाऱ्यांची कांगडी धरून चालत होती. बर्फाला इथे 'शीन' म्हणतात, आणि मोसमातला पहिला शीन पडला की एकमेकांना मुबारकबाद देतात. विहिरी, झरे, भाताची खाचरे या सगळ्यांची पुढच्या वर्षाची बेगमी त्यातच असते. बर्फाला शत्रू मानून इथे कुणी बोलत नाही, हे मी पहिल्याच दिवशी टिपून ठेवले.

आमचा गाईड टंगमर्गजवळच्या गावचा, चाळिशी उलटलेला. पहिले तीन दिवस त्याने आम्हाला बाहेर काढलेच नाही. बुखारीभोवती बसवून, मिठाचा नून चाय आणि गिर्दा रोटी पुढे ठेवून त्याने वर्ग घेतला.

स्वयंपाकघरातून त्याने एक परात मागवली. तळाशी जाड साखर पसरली, तिच्यावर एक जाडजूड पुस्तक आडवे ठेवले आणि परात हळूहळू कलती केली. बराच वेळ काही हलले नाही. मग एका क्षणी, कुठलीही पूर्वसूचना न देता, पुस्तक सबंधच्या सबंध खाली आले. "लोकांना वाटतं हिमस्खलन म्हणजे सुटा बर्फ घरंगळतो," तो म्हणाला. "तसा घरंगळणारा बर्फही असतो. पण माणसं मारते ती ही. लादी."

मी लाद्यांच्या घरात वाढले, त्यामुळे हा शब्द मनात लगेच रुतला. डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवृष्टी, प्रत्येक वारा, प्रत्येक उन्हाची तिरीप आपला एक थर ठेवून जाते. चिरोट्याचे पापुद्रे असावेत तसे. वरचा थर वाऱ्याने किंवा स्वतःच्या वजनाने घट्ट झाला की लादी होते. तिच्याखाली एखादा कच्चा, सुटा थर असला आणि उतार पुरेसा उभा असला, की सापळा तयार झाला. आता फक्त भार पडायचा असतो. तो नव्या बर्फाचा असेल, वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाचा असेल, नाहीतर एका माणसाचा.

कच्चा थर येतो कुठून, याचे उत्तर ऐकून मी चकित झाले. बर्फ कमी पडतो तेव्हा तो तयार होतो. बर्फाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास असते. वरची हवा मात्र निरभ्र रात्री उणे दहा, उणे पंधरापर्यंत उतरते. बर्फाचा थर जाड असेल तर हा फरक दोन मीटरवर पसरतो. थर चाळीस-पन्नास सेंटिमीटरचाच असेल तर तेवढ्याशा अंतरात तापमान झपाट्याने बदलते. मीटरला साधारण दहा अंशांहून अधिक फरक पडला की खालच्या उबेतली वाफ बर्फाच्या कणांमधून वर सरकू लागते, आणि गोल, एकमेकांना चिकटलेल्या कणांच्या जागी टोकदार, सुटे दाणे तयार होतात. मुठीत घेतले तर गोळा होत नाही, बोटांतून साखरेसारखे गळून जातात. सुरुवातीला थोडासा बर्फ, मग तीन आठवडे स्वच्छ आकाश आणि कडक थंडी, आणि मग एकदम मोठी हिमवृष्टी: हिवाळ्याचा हा क्रम सर्वांत घातकी.

पीर पंजालवर हा क्रम वारंवार घडतो, कारण इथला बर्फ आपल्या पावसासारखा मोसमी वाऱ्यांनी येत नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ तो घेऊन येतात. एक येतो, दोन-तीन दिवसांत मीटरभर बर्फ टाकतो आणि निघून जातो. मध्ये कोरडे दिवस. हिमालयात पीर पंजाल ही तुलनेने उबदार आणि भरपूर बर्फाची रांग. तिच्यामागची मुख्य हिमालयाची रांग जास्त थंड, आणि काराकोरम त्याहून थंड, कोरडे. तिथे कच्चे थर अधिक दिवस टिकतात. इथे ते बऱ्याचदा लवकर सावरतात, पण सावलीतल्या, उत्तरेकडच्या उतारांवर आठवडेच्या आठवडे दबा धरून राहतात. गुलमर्ग ३४ अक्षांशावर आहे, आल्प्स ४६च्या आसपास. म्हणजे इथला सूर्य हिवाळ्यातही आल्प्सपेक्षा बराच वर येतो, आणि दक्षिणेकडचा उतार सकाळी नऊला एक असतो, दुपारी एकला दुसराच.

जिन्याएवढा उतार

दुसऱ्या दिवशीचा धडा कोनांचा. तीस अंशांपेक्षा कमी उतारावर लादी सहसा सुटत नाही. पंचेचाळीसच्या वर बर्फ साठून राहत नाही, थोडा थोडा झडत जातो. मधला पट्टा जीवघेणा, आणि त्यातही अडतीसच्या आसपासचा सर्वाधिक. गाईडने आम्हाला हॉटेलच्या लाकडी जिन्यावर नेले आणि कोनमापक टेकवायला लावला. तेहतीस अंश. घरातला जिना साधारण एवढाच असतो. ज्या चढाला सह्याद्रीत आम्ही चढ म्हणणारही नाही, तो बर्फाखाली लादी सोडायला पुरेसा असतो. कोनमापक होकायंत्रात असतो, मोबाइलमध्येही असतो. तो वापरायला पाच सेकंद लागतात, तरी अंदाजानेच उतार मापणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आणि माणसाचा अंदाज बर्फात हटकून चुकतो.

त्याने मग एक हिशेब वहीवर मांडायला लावला. पन्नास मीटर लांब, तीस मीटर रुंद, अर्धा मीटर जाड लादी. हिमस्खलनांच्या जगात ही लहानच. घनमीटरला दोनशे किलो धरले तर वजन होते दीडशे टन. कोरडी लादी काही सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग घेते. थांबते तेव्हा घर्षणाने तापलेले कण एकमेकांना चिकटतात आणि सगळे काँक्रीटसारखे आवळून बसते. त्यात अडकलेल्या माणसाला हाताचे बोट हलवता येत नाही.

"आणि ही लादी सोडतं कोण?" त्याने विचारले. कुणी म्हणाले वारा, कुणी म्हणाले मोठा आवाज. तो मान हलवत राहिला. ओरडण्याने हिमस्खलन होते हा सिनेमातला समज आहे. आल्प्स आणि अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की डोंगरात भटकायला गेलेल्यांपैकी जे हिमस्खलनात सापडले, त्यांतल्या दहातल्या सुमारे नऊ जणांच्या बाबतीत लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणी सोडलेली होती. हे वाक्य ऐकून खोलीत शांतता पसरली. डॉक्टर सावकाश म्हणाले, "म्हणजे हा अपघात बऱ्याच वेळा टाळता येतो." मला वाटते, आम्ही इतक्या लांबून आलो त्याचे सार त्या एका वाक्यात होते. दैवावर ढकलायला इथे फारशी जागा नाही.

कुरणावर

चौथ्या दिवशी, ते स्फोट थांबल्यावर, आम्ही निघालो. निघण्याआधी नाश्त्याच्या टेबलावर अर्धा तास गेला. आधी बुलेटिन. भारतात १९६९ साली मनालीत 'सासे' ही हिम आणि हिमस्खलनांचा अभ्यास करणारी संरक्षण संशोधन संस्था सुरू झाली. २०२० साली ती 'डीजीआरई' या संस्थेत विलीन झाली. तिचे इशारे जिल्हा आणि उंचीनुसार प्रसिद्ध होतात. धोक्याची पट्टी पाच पायऱ्यांची असते: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतिजास्त. ही पाच पायऱ्यांची पद्धत युरोपात १९९३ साली ठरली. त्या सकाळी धोका तिसऱ्या पायरीवर होता.

"पाचपैकी तीन म्हणजे परीक्षेतले साठ टक्के वाटतात ना?" गाईड म्हणाला. "तसं मोजू नका. प्रत्येक पायरीला धोका दुपटीहून वाढत जातो. चार-पाचला माणसं घरी बसतात. जास्तीत जास्त जीव तीनवर जातात, कारण ऊन पडलेलं असतं, बर्फ ताजा असतो आणि कुणी अडवत नाही." शिवाय बुलेटिन जिल्ह्याचे असते. बारामुल्ला जिल्ह्यातल्या हजार उतारांपैकी आपण ज्याच्यावर उभे राहणार, त्याची पारख आपल्यालाच करायची असते.

मग बीकन. गाडलेला माणूस शोधता यावा म्हणून ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश देणारे हे लहानसे यंत्र सकाळी अंगावर बांधायचे आणि संध्याकाळी खोलीत आल्यावरच काढायचे. सॅकमध्ये ठेवायचे नाही, कारण लादी सॅक ओरबाडून नेते. मोबाइलपासून लांब ठेवायचे. दाराशी गाईड उभा राहिला आणि आम्ही एकेक जण त्याच्या समोरून गेलो. प्रत्येकाचा बीकन बोलतो का, हे त्याने तपासले. प्रत्येकाच्या सॅकमध्ये जोडकाठीसारखा उलगडणारा प्रोब आणि धातूचे फावडे. तीनपैकी एक नसेल तर उरलेल्या दोनांचा उपयोग नाही.

गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, तीन हजार मीटरच्या थोडे वर. हा टप्पा १९९८ साली सुरू झाला. २००५ साली सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर जातो. वरचा टप्पा बंदच होता. कोंगडोरीला उतरून आम्ही स्नोशू चढवले आणि हद्द ओलांडली.

इतके निर्मळ काही मी आधी पाहिले नव्हते. बुडलूची, म्हणजे फरची, झाडे पांढऱ्या ओझ्याने खांदे पाडून उभी, त्यांच्या वर भूर्जाची उघडी झाडी, आणि तिच्याही वर अफरवटची लांबलचक पाठ. धारेवरून वाऱ्याने उडणाऱ्या बर्फाचा पिसारा उन्हात चमकत होता. आम्ही हरखून फोटो काढायला लागलो. गाईडने त्याच पिसाऱ्याकडे काठी दाखवली. "सुंदर आहे. पण तो काय करतोय ते वाचा. वारा पलीकडून बर्फ उचलून या बाजूला टाकतोय. आकाशातून एक फूट पडला असेल, तर धारेखाली तीन फूट साचला असेल." वारा हिमवृष्टीपेक्षा कितीतरी पट वेगाने उतारावर भार टाकतो, आणि धारेच्या कडेला बर्फाचे छज्जे बाहेर काढतो. वरून चालणाऱ्याला पायाखाली डोंगर आहे की छज्जा, ते कळत नाही.

पुढे खिलनमर्गचे मोकळे कुरण लागले. सपाट, ऐसपैस, जेवणाचा डबा उघडावा असे. आमच्यातल्या धाकट्या ठाणेकरणीने सॅक उतरवलीही. गाईडने तिला ती पुन्हा चढवायला लावली आणि आम्हाला झपाझप, एकमेकांत अंतर ठेवून, झाडीच्या कडेपर्यंत नेले. तिथे पोहोचल्यावर तो बोलला. ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच परिसरात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थी जवानांवर हिमस्खलन कोसळले आणि सतरा जवान गेले. ती बर्फातल्या डोंगराचेच शिक्षण घेणारी माणसे होती. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. त्यानंतरच्या वर्षी २२ फेब्रुवारीला एक रशियन. "सपाट जमिनीवर उभं राहून पायाखाली बघू नका," तो म्हणाला. "मान वर करा. डोक्यावर काय टांगलंय ते बघा."

सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला हे निराळे सांगावे लागू नये. माळीण, तळिये, इर्शाळवाडी. तिथेही माणसे आपल्या घरीच होती. दरड वरून आली.

खड्डा आणि एक आवाज

आम्हाला ज्या उताराचे आकर्षण होते तो समोर होता. झाडीच्या वर, वाटीसारखा, जवळजवळ अस्पर्श. तो चढून गेले तर धारेखालचा खांदा गाठता आला असता. कोन मापला. छत्तीस अंश.

गाईडने तशाच दिशेच्या, पण लहान आणि निरुपद्रवी उतारावर आम्हाला खड्डा खणायला लावला. दीड मीटर खोल, भिंत उभी आणि गुळगुळीत. त्या भिंतीत अख्खा हिवाळा लिहिलेला होता. वरचे साठ सेंटिमीटर गेल्या तीन दिवसांचे, वर मऊ आणि खाली जाताना घट्ट. त्याखाली नखाएवढी पातळ राखट रेघ, आणि रेघेखाली दाणेदार बर्फ. मी हातमोजा काढून तो चिमटीत धरला. साखर. परातीतली.

मग कसोटी. फावड्याने आणि दोरीने नव्वद सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल असा बर्फाचा खांब सुटा केला. त्याच्या एका टोकावर फावड्याचे पाते आडवे ठेवायचे आणि वर हाताने ठोके द्यायचे. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. नुसते भेगाळते का, हे पाहायचे नसते. एका टोकाला सुरू झालेली भेग खांबाच्या दुसऱ्या टोकापर्यंत एकदम धावते का, ते पाहायचे. कारण डोंगरावरही तेच घडते. माणूस एका ठिकाणी पाय देतो आणि भेग त्याच्या पायाखालून शंभर मीटर वर धावत जाते.

तेराव्या ठोक्याला भेग धावली. आडवी, सरळ, सुरीने कापावी तशी. वरचा सबंध ठोकळा आमच्या मांडीवर आला.

कुणी काही बोलायच्या आत डॉक्टर दोन पावले मागे सरले आणि जमिनीखालून एक आवाज आला. धप्. मोठा नव्हता. घोंगडीखाली काही पडावे तसा, पण तो पायांना ऐकू आला. आमच्यासकट आजूबाजूचा बर्फ बोटभर खाली बसला आणि थोड्या अंतरावरच्या एका झाडाच्या फांदीवरून बर्फ सांडला. कच्चा थर चिरडला होता. आम्ही कमी कोनाच्या उतारावर होतो, म्हणून काही सुटले नाही. तोच धप् छत्तीस अंशांवर झाला असता तर हा लेख लिहिला गेला नसता.

बर्फ बोलतो असे म्हणतात ते याला. ताज्या हिमस्खलनाच्या खुणा, पायाखालचा धप्, स्नोशूच्या टोकापासून पुढे धावणाऱ्या भेगा, दिवसभरात फूटभर नवा बर्फ, वाऱ्याने चालवलेली भर, तापमानात अचानक वाढ: यातले एक जरी दिसले तरी उभा उतार त्या दिवसापुरता बंद. आम्हाला त्यातले चार दिसले होते.

तरीही माझ्या मनात जे आले ते लपवणार नाही. इतके पैसे, इतकी सुट्टी, इतके स्वच्छ आकाश. उतार समोर. आणि उताराच्या डाव्या कडेला, आत्ताच कुणीतरी वर गेल्याच्या ताज्या पाऊलखुणा. पहिल्या क्षणी त्या खुणा पाहून जिवात जीव आला होता. कुणीतरी गेले आहे, म्हणजे जाता येते.

मळलेली वाट.

गाईडने माझ्या नजरेचा माग घेतला असावा. तो म्हणाला, "दीदी, पहिला माणूस गेला म्हणजे तो त्या जागी हलका पडला. लादी एका जागी जाड असते, एका जागी पातळ. दहावा माणूस पातळ जागेवर पाय देतो. त्या नऊ जणांच्या खुणा त्याला वाचवत नाहीत." अमेरिकी अभ्यासक इयान मॅकॅमन यांनी सातशेहून अधिक हिमस्खलन अपघात तपासले, तेव्हा त्यांना हेच सापडले. अपघातात सापडलेल्यांमध्ये प्रशिक्षित माणसे भरपूर होती. धोक्याच्या खुणाही समोर होत्या. ओळखीची जागा, ठरवलेले पुरे करण्याची जिद्द, गटातल्या जाणत्यावर टाकलेला भरवसा आणि इतरांच्या खुणा यांनी डोळ्यांवर झापड आणली होती. सह्याद्रीतली वाट वर्षानुवर्षे तीच राहते, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो. बर्फाचा डोंगर दर वादळाला नवा होतो. आपल्या विद्येतला सर्वांत भरवशाचा धडा इथे उलटा पडतो, हे मला त्या उताराखाली उभे राहून उमगले.

गाईडने निर्णय स्वतः दिला नाही. त्याने सर्वांत धाकटीला आधी विचारले, मग वयाच्या चढत्या क्रमाने आम्हाला. मोठ्यांनी आधी तोंड उघडले की लहान गप्प बसतात, म्हणून. आणि नियम असा की एकाचे 'नाही' म्हणजे सगळ्यांचे 'नाही', कारण विचारायचे नाही, मन वळवायचे नाही. ती म्हणाली, "मला भीती वाटतेय." आम्ही वळलो.

परतीची वाट झाडीतून, बाबारेशीच्या दर्ग्याच्या बाजूने काढली. कोन कुठेही पंचवीसच्या वर जाऊ दिला नाही. वाटेत एक अरुंद नाळ आडवी आली, तिच्या माथ्यावर बर्फ साचलेला. तिथे सॅकचा कमरपट्टा सोडला, काठ्यांचे फास मनगटातून काढले आणि एकेक जण पार झालो. उरलेले सगळे सुरक्षित जागी उभे राहून, नजर न हलवता, त्या एकावर लक्ष ठेवत होते. नाळेत थोडासा बर्फ आला तरी तो पसरत नाही, साचतो. उघड्या मैदानात गुडघाभर येणारा बर्फ तिथे पुरुषभर होतो.

पंधरा मिनिटे

दुपारी सुरक्षित मैदानात सराव झाला. गाईडने एक बीकन सॅकमध्ये घालून पुरला आणि घड्याळ लावले. बीकनच्या बाणामागे धावायचे. जवळ गेल्यावर बर्फाला नाक लावल्यासारखे खाली वाकून सर्वांत लहान आकडा शोधायचा. तिथून गोल गोल फिरत, वीतभर अंतरावर प्रोब टोचत जायचे. प्रोब लागला की तो तसाच ठेवायचा आणि उताराच्या खालच्या बाजूने, पाचरीच्या आकारात सगळ्यांनी मिळून उपसायचे. पहिल्या खेपेला आम्हाला सव्वीस मिनिटे लागली. सॅक वर आली तेव्हा कुणाच्याच तोंडून शब्द निघेना.

आकडे डॉक्टरांना ठाऊक होते. गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासाने ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. बहुतेक जण गुदमरून जातात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हनुमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला त्यांनी प्राण सोडला. उरलेल्या नऊ जणांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवान होता. दुष्काळी माणदेशातला पोरगा पंचवीस फूट बर्फाखाली. त्या बातमीने तेव्हा सारा देश हळहळला होता. पण हनुमंतप्पा हे अपवाद होते. नियम पंधरा मिनिटांचा आहे. कुठलेही बचाव पथक, कितीही तत्पर असले तरी, डोंगरात पंधरा मिनिटांत पोहोचत नाही. आपल्या जवळ उभे असलेले चौघे हेच आपले बचाव पथक. संध्याकाळपर्यंत आम्ही सहा वेळा सॅक पुरली आणि उकरली. शेवटची वेळ अकरा मिनिटे.

म्हणून बर्फातल्या ट्रेकला निघालेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना माझे कळकळीचे सांगणे आहे. पुण्या-मुंबईहून दर डिसेंबरात हजारो जण निघतात. जेवणात काय आहे, तंबू किती जणांचा आहे, हे सगळे विचारतात. त्यांनी आणखी चार प्रश्न विचारावेत. वाटेत तीस अंशांहून उभे उतार कुठे आहेत? मोठ्या हिमवृष्टीनंतर तुम्ही किती दिवस थांबता? सर्वांकडे बीकन, प्रोब, फावडे असते का, आणि त्याचा सराव कधी होतो? वाट सोडून परत फिरायचे कोण ठरवते? उत्तर मिळाले नाही तर पैसे भरू नयेत. घरच्यांनीही हे विचारावे. हे भित्रेपण नाही. पाटीवरचा वाहतुकीचा नियम वाचणे जितके साधे, तितकेच हे साधे आहे.

पाचवा दिवस

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा झाडीच्या कडेशी गेलो. आमच्या उतारावर स्कीच्या पाच लांब, नागमोडी रेषा होत्या. सकाळी कुणीतरी उतरून गेले होते. काही सुटले नव्हते.

ठाणेकरीण बराच वेळ पाहत राहिली. मग मला म्हणाली, "ताई, म्हणजे काल माझ्यामुळे सगळे उगाच परतले."

मी काही बोलण्याआधी गाईड खाली बसला. त्याने काठीने बर्फावर पाच रेघा ओढल्या. "डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि गाडी आली नाही, तर डोळे मिटणं बरोबर ठरतं का? उतार सुटला नाही म्हणून त्यांचा निर्णय बरोबर ठरत नाही, आणि तुझा चूक ठरत नाही. बर्फ चुकलेल्याला रोज शिक्षा देत नाही. म्हणून तर माणूस त्याच्याकडून शिकत नाही." मग जरा थांबून तो म्हणाला, "निर्णय काल जे दिसलं त्यावर तोलायचा. आज काय झालं त्यावर नाही."

दुपारनंतर पश्चिमेकडून ढग आले. संध्याकाळी बर्फ सुरू झाला, आधी तुरळक, मग दाट. जेवून आम्ही बुखारीभोवती बसलो होतो, बाहेर काही दिसत नव्हते, फक्त छपरावरून अधूनमधून बर्फ घसरल्याचा आवाज येत होता.

सकाळी खिडकी उघडली. समोरच्या पाच रेषा गेल्या होत्या. आमच्या पाऊलखुणाही. उतार पुन्हा कोरा होता. ठाणेकरीण माझ्या आधी उठून, बीकन अंगावर बांधून, नाश्त्याच्या टेबलाशी बसली होती. गाईडने चहा ओतला आणि तिने पहिला प्रश्न विचारला.

"रात्री वारा कुठून होता?"